हिरवळीचं अंदाजपत्रक

आमच्या गृहनिर्माण सोसायटीला सभा भरवायला जागा नव्हती, म्हणून ती माझ्या अंगणात भरायची. मी सेक्रेटरी. म्हणजे सह्या करणारा, सतरंज्या अंथरणारा आणि "चहा आणा गं" म्हणून घरात हाक मारणारा माणूस. धाराशिवच्या बाहेर माळावर अठरा घरांची आमची वस्ती. सगळे पगारदार, सगळ्यांची घरं एकाच नकाशावरून बांधलेली आणि सगळ्यांच्या दारात तोच पांढरट मुरूम. एका सभेला सहकार खात्याचे साहेब आले होते. त्यांची खुर्ची मुरमावर नीट बसेना. चौथ्यांदा डगमगल्यावर ते उठले, पँटची धूळ झटकली आणि म्हणाले, "सेक्रेटरी, इथं जरा हिरवळ करून घ्या की." लोक हसले. साहेब जीपमध्ये बसेपर्यंत ते विसरलेही असतील, पण माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच.

मला तेव्हा स्वतःबद्दल फार बरं मत होतं. दुष्काळात मी रस्त्याच्या कामावर मस्टर कारकून होतो. तीन-तीनशे माणसांची हजेरी लावायची, खड्डे मोजायचे, शंभर घनफुटांचा एक असे मातीचे ब्रास काढायचे. दुष्काळ सरून सात-आठ वर्षं झाली, मी कचेरीत टेबलाला लागलो, तरी ती खोड गेली नव्हती. भाजीवालीकडं गेलो तरी आधी दर, मग माप, मग बेरीज. बायको म्हणायची, "तुम्ही माझ्याशी लग्न केलं तेव्हा काय मोजलं होतं?" मी उत्तर द्यायचो नाही, कारण खरं सांगायचं तर पत्रिकेच्या छपाईचे तीन दर मी आणले होते.

त्याच वर्षी दिवाळीत तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं असलं की हा फॉर्म भरतात. लग्न झालं तेव्हा ती सातवी पास होती, हुशार होती, पण पुढं तिच्या गावात शाळाच नव्हती. आता निमित्त झालं बालवाडीचं. येत्या जूनपासून वस्तीत बालवाडी काढायची असा सोसायटीनं ठराव केला होता. बाई दहावी पास पाहिजे आणि शक्यतो वस्तीतली पाहिजे. ठरावाचा मसुदा माझाच. वस्तीतल्या बायकांत नोकरी करायची इच्छा बोलून दाखवणारी आमचीच एक. जागा जवळजवळ तिची होती, तेवढी दहावी व्हायची राहिली होती. ती रोज पहाटे उठून कंदिलापाशी गणित करायची, कारण बाकीचे विषय तिला येत होते आणि गणिताची तिला धडकी भरायची.

माझा याला पाठिंबा होता का? अहो, होता म्हणजे काय! आम्ही बौद्ध. शिक्षणाचं मोल आमच्या घरात कुणी कुणाला सांगायला लागत नाही. त्यात जयंतीच्या सभेला स्त्रीशिक्षणावर बोलायला माणूस पाहिजे असला की विहारातली तरुण मंडळी माझ्याकडंच यायची. मी अर्धा-पाऊण तास बोलायचो. बायका ऐकताना डोळे पुसायच्या. माझंही मन भरून यायचं, स्वतःचंच ऐकून.

तर हिरवळ. बागेचं काम कितीला पडतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं कबूल करणं माझ्या स्वभावात नव्हतं. एका वकिलाच्या बंगल्यापुढं हिरवळ होती. वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, "पाचशे रुपये घातले, अजून घालतोय." मला वाटलं हा फी सांगतोय. सरकारी विश्रामगृहाचा खानसामा म्हणाला, बागेला खर्च नसतोच, सगळं सरकारी. कचेरीतला एक सोबती म्हणाला, गड्याला दोन रुपये दे, उपटून आणेल कुठूनतरी. पाचशे, शून्य आणि दोन. यांची सरासरी काढायचाही मी प्रयत्न केला.

शेवटी विश्रामगृहाच्या खानसाम्यानंच माणूस सांगितला. तेरचा एक म्हातारा माळी, गावात बंगल्यांची बाग करायचा. तेरणेच्या काठाला त्याचा फुलांचा मळा होता, दुष्काळात विहीर आटली, मळा गेला, तेव्हापासून दुसऱ्याच्या दारात झाडं लावत होता. रोज सकाळच्या गाडीनं यायचा, संध्याकाळच्या गाडीनं जायचा. डोक्याला मळकं पागोटं, हातात खुरपं. त्यानं अंगणात उकिडवं बसून मुरूम मुठीत घेतला, चोळला, फुंकला आणि म्हणाला, "हितं गवत लावायचं?"

"हिरवळ," मी म्हणालो.

"त्येच की. गवतच ते. हरळी."

त्यानं बसल्या बसल्या सांगून टाकलं. वीस बाय पंधरा फूट जागा. फूटभर मुरूम काढून टाकायचा. तळ्याचा गाळ सहा गाड्या, शेणखत एक गाडी. हरळीच्या मुळ्या चार-चार बोटांवर टोचायच्या. कडेनं मेंदी. हप्त्याला एक फेरी येऊन तण काढायचं, कापायचं. ह्याचे सगळे मिळून एकशे साठ. "आन् पान्याला एक बाई लावावी लागंल. चार म्हैनं. रोजचा सव्वा रुपया. तिचं दीडशे. तीनशे धा झालं बघा."

आता कुणीही शहाणा माणूस "बरं" किंवा "नको" म्हणाला असता. मी म्हणालो, "हे एक कोटेशन झालं. नियमाप्रमाणं तीन लागतात."

कचेरीत पेन्सिली घ्यायच्या झाल्या तरी तीन दुकानांचे दर मागवून सगळ्यांत कमी तो मंजूर करायचा, हे माझ्या रक्तात भिनलं होतं. अडचण अशी की गावात बंगल्यांची बाग करणारा माळी हा एकच. म्हणून मी त्याला सांगितलं, पुढच्या मंगळवारी या आणि परत दर सांगा, आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी परत. म्हातारा म्हणाला, "येतो की. मला काय."

दुसऱ्या मंगळवारी त्यानं दर सांगितला तीनशे वीस. तिसऱ्या मंगळवारी तीनशे पस्तीस. मी विचारलं, वाढत कसा गेला? तो म्हणाला, "तीनदा यष्टीचं भाडं पडलं की." मी तिन्ही दर कागदावर एकाखाली एक मांडले, तुलनात्मक तक्ता केला, खाली "सर्वात कमी दर मंजूर" लिहून सही केली. आणि बायकोला दाखवलं. मी पंचवीस रुपये वाचवले होते. तिनं कागद बघितला आणि विचारलं, "हे तिन्ही त्याच बाबांचे ना?" मी म्हणालो, पद्धत पद्धत असते.

पण तीनशे दहासुद्धा मला पेलवणारे नव्हते. पगारातून सोसायटीचा हप्ता कापून जायचा. मी तांबडी पेन्सिल घेतली आणि अंदाजपत्रकाला कात्री लावायला बसलो. गाळ कमी करता येईना, खत कमी करता येईना. मग नजर पडली पाण्याच्या बाईवर. दीडशे रुपये! नुसत्या पाण्याचे! हापसा तर वस्तीतच होता, आमच्या दारापासून दीडशे पावलांवर. मी ती ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिलं, "पाणी – घरचे." पुढच्या रकान्यात शून्य. एकूण एकशे साठ. अर्ध्यावर आणलं की हो मी.

म्हाताऱ्यानं विचारलं, "घरचं म्हंजी? कोन घालनार?"

"आम्ही घालू."

"आमी म्हंजी?"

मी म्हणालो, ते आम्ही बघू. त्यानं कुदळ घेतली.

त्या एकशे साठातली खोदाई मी ब्रासवर दिली होती, हे सांगायला मला आजही लाज वाटते. फूटभर खड्डा तो, पण मी टेप घेऊन उभा, आणि तोंडानं माझ्या मस्टरच्या गोष्टी. म्हाताऱ्यानं दुष्काळी कामावर वर्षभर खडी फोडली होती, मातीही खणली होती. त्यानं सवयीनं खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उंचवटा तसाच ठेवला. तसा ठेवला की किती खोल खणलं ते मोजणाऱ्याला दिसतं, वाद राहत नाही. शेजारचे येऊन बघत होते, माझ्या अंगणात रस्ता निघतोय की काय म्हणून. मी त्या उंचवट्याला टेप लावून माप घेतलं, तीन ब्रास भरले, तसं त्याला सांगितलं. "भरलं न्हवं? मग आता ह्यो बी काढतो," म्हणून त्यानं तो फोडला. त्याचे पैसे लावले नाहीत.

नोव्हेंबरअखेर हरळी टोचून झाली. दुसऱ्या दिवसापासून पाणी. रोज चौदा घागरी. पहिल्या दिवशी मी चार आणल्या, मग कचेरीची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी मला सर्दी होती. चौथ्या दिवसापासून मी पाणी आणलं की नाही, हे मला आठवत नाही असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. आठवतं. नाही आणलं.

हापशावर सकाळी रांग असायची, म्हणून बायको पहाटेच जायची. पहाट म्हणजे तिची गणिताची वेळ. मला ते कळत नव्हतं असं नाही. त्याच्यावर मी उपाय काढला. जिथं नको तिथं उपाय काढायची माझी हौस दांडगी. मी पुठ्ठ्यावर बीजगणिताची सूत्रं लिहिली, भोक पाडून सुतळी ओवली आणि तिला सांगितलं, "हे हापशाला अडकव. दांडा मारताना पाठ करायचं. दोन्ही कामं एकदम होतात." ती बायकांसमोर हापशाला पुठ्ठा अडकवून दांडा मारायची. कुणी हसलं की तीही हसायची. मला वाटायचं, बघा, कसं जमवून दिलं.

जानेवारीत हरळी धरली. कोवळी पोपटी. मी कचेरीतून आलो की बूट काढून तिच्यावर चालायचो. वकील एकदा वाट वाकडी करून बघून गेला, त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

फेब्रुवारीत ऊन तापलं आणि चौदाच्या वीस घागरी झाल्या. त्या हप्त्यात म्हातारा तण काढायला आला होता. बायको घागर ओतत होती आणि घागर ओतता ओतता ओठांत काहीतरी पुटपुटत होती. त्यानं विचारलं, "बाई, कसला मंत्र म्हनताव?" ती म्हणाली, परीक्षेचं आहे. त्यानं कधी आहे ते विचारलं. ती म्हणाली, महिन्यावर आली.

तो माझ्याकडं आला. मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो. तो म्हणाला, "साहेब, माज्या वळखीची एक म्हातारी हाय हितंच झोपडपट्टीत. रुपयात येती. म्हैनाभर लावा. बाईला सोडा."

तीस रुपयांचा प्रश्न होता. तीस! मी काय म्हणालो ते शब्दन् शब्द आठवतंय. मी म्हणालो, "बाबा, एकदा मंजूर झालेल्या अंदाजपत्रकात बदल करता येत नाही."

तो म्हणाला, "दुष्काळी कामावर पानी पाजनाऱ्या बाईची बी हजेरी लागत व्हती साहेब. तुमीच लावीत व्हता की."

मला राग आला. माळ्यानं झाडांचं बघावं, असं काहीतरी मी बोललो. तो परत जाऊन तण काढत बसला. बायकोनं सगळं ऐकलं होतं. ती घागर उचलून हापशाकडं गेली. मला वाटलं, तिची तक्रार नाही. असली तर बोलली असती की.

मार्चमध्ये परीक्षा झाली. गणिताच्या पेपरच्या दिवशीसुद्धा ती आठ घागरी ओतून गेली, कारण आदल्या दिवशी मी म्हणालो होतो, कडेची हरळी पिवळी पडायला लागली. जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत चांगले मार्क. मराठीत तर वस्तीतल्या शाळेत जाणाऱ्या पोरांपेक्षाही जास्त. गणितात सहा मार्कांनी गेली. तिनं निकालाचा कागद घडी करून डब्यात ठेवला आणि मला जेवायला वाढलं. मी म्हणालो, "ऑक्टोबरला परत बस की." ती म्हणाली, "बसते." तेवढंच.

बालवाडीला ऑक्टोबरची वाट बघता येत नव्हती. जून संपत आला होता, पावसाचा पत्ता नव्हता, आणि सोसायटीनं बाहेरगावची एक दहावी पास मुलगी घेतली. नेमणुकीच्या पत्रावर सही सेक्रेटरीची. म्हणजे माझी.

उद्घाटनाचा कार्यक्रम कुठं? माझ्या अंगणात, हिरवळीवर. सहकार खात्याचे तेच साहेब पाहुणे. त्यांची खुर्ची हिरवळीवर मांडली, ती जराही हलली नाही. साहेबांनी बूट काढले. मोजे काढले. पाय हिरवळीवर टेकवून म्हणाले, "वा. या माळावर हे म्हणजे कमाल आहे सेक्रेटरी. खर्च किती आला?"

या प्रश्नाची मी सात महिने वाट बघत होतो. एका खिशातून हिशेबाचा कागद काढला, दुसऱ्या खिशात आभाराच्या भाषणाचा होता आणि त्यात स्त्रीशिक्षणावर दीड पान होतं. मी गाळ सांगितला, खत सांगितलं, ब्रास सांगितले. "एकशे साठ रुपये साहेब. सगळं धरून."

बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "सगळं धरून नाही."

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती साहेबांशी बोलत होती, माझ्याकडं बघतही नव्हती. "पाणी धरलं नाही त्यांनी. नोव्हेंबरपासून रोज चौदा घागरी, उन्हाळ्यात वीस. ते मी आणलं. पहाटे आणलं, माझ्या अभ्यासाच्या वेळेला. मी गणितात सहा मार्कांनी गेले. गेले नसते तर आज त्या खुर्चीवर मी बसले असते." आणि तिनं ट्रेनंच त्या नव्या बालवाडीच्या बाईकडं दाखवलं. ती पोरगी बिचारी उठायलाच लागली. बायको म्हणाली, "तू बस गं. तुझा काय दोष." आणि तिला पहिला कप दिला.

अठरा घरची माणसं बसली होती. साहेबांनी पाय बुटांत घातले, मोजे तसेच हातात. मी उभाच होतो. भाषणाचा कागद मी काढला नाही, "आभार" एवढाच शब्द म्हणालो आणि खाली बसलो. लाजेनं कान तापतात म्हणतात. माझे हातसुद्धा तापले होते.

दुसऱ्या दिवशी म्हातारा फेरीला आला. मी त्याला विचारलं, ही हिरवळ उखडून टाकायला काय घेशील. मी रात्रभर ठरवलं होतं. ती उखडायची, मुरूम परत पसरायचा, माझ्या चुकीची खूण राहता कामा नये. माझी जिरली होती, पण हौस जिरली नव्हती. आता पश्चात्तापसुद्धा वस्तीला दिसेल असा करायचा होता.

तो म्हणाला, "काढायला पैसं कशाला? पानी बंद करा. पंधरा दिसात आपूआप जाती."

बायको दारातून बाहेर आली. "पाणी बंद करायचं नाही," ती म्हणाली. "मी जगवलीय ती. तुम्हाला कोण मारू देतंय? उद्यापासून तुम्ही पाणी आणायचं. मला ऑक्टोबरला बसायचंय."

म्हातारा खाली मान घालून खुरपं पुसत राहिला. हसत होता की काय, ते मला दिसलं नाही.

त्या वर्षी पाऊस पडला न पडल्यासारखा गेला. मी ऑक्टोबरपर्यंत पाणी आणलं. पहाटे उठून, बायकांच्या रांगेत, घागर घेऊन. पहिल्या आठवड्यात मान धरली, दुसऱ्यात कंबर. हापशावरच्या बायका मला आधी जागा द्यायच्या, मग देईनाशा झाल्या, मग माझी थट्टा करायला लागल्या. दीडशे पावलं जाऊन दीडशे पावलं भरल्या घागरीनं परत यायचं, असं चौदा वेळा. दोन तास लागायचे. मी तीनशे माणसांची हजेरी लावलेला माणूस, माझ्या घरात रोज दोन तास कोण राबत होतं, त्याची हजेरी मी शून्य लावली होती. आत कंदिलापाशी ती गणित करत बसलेली खिडकीतून दिसायची. मी घागर ओतताना आवाज करायचो नाही.

ऑक्टोबरात ती पास झाली. गणितात एक्केचाळीस. मी पेढे वाटले, वस्तीभर, न मोजता. बालवाडीत मात्र त्या पोरीचा जम बसला होता. मुलं तिला सोडेनात, आणि तिला काढायचं तरी कोणत्या तोंडानं? ती चांगली शिकवायची. पुढं दुसरी जागा निघाली तेव्हा आम्हाला लेकरू झालं होतं, त्याच्या पुढची निघाली तेव्हा वय उलटलं होतं. ती बाई त्या बालवाडीत सव्वीस वर्षं होती. रोज सकाळी दहा वाजता आमच्या दारावरून मुलांची ओळ घेऊन जायची, आणि बायको त्या वेळेला काही ना काही काम काढून आत जायची.